करोडपतीसारख्या शोसाठी जीकेची तयारी नेमकी कशी करायची

रजिस्ट्रेशन सुरू झालं की ओळखीतली माणसं विचारायला लागतात, जीकेचं कुठलं पुस्तक घेऊ. माझं उत्तर ठरलेलं आहे, पुस्तक घ्यायचं तर घ्या, पण 'एका ओळीत एक माहिती' अशा दहा हजार ओळी पाठ करून हॉट सीटवर फार काही हाती लागत नाही. कारण तिथे तुम्हाला कोरा कागद देत नाहीत, चार पर्याय देतात, आणि ते चारही एकमेकांचे चुलत भाऊ असल्यासारखे दिसतात. म्हणजे परीक्षा नुसती आठवण्याची नाही, सारख्या दिसणाऱ्या चार गोष्टींतून एक वेगळी काढण्याची आहे. तयारी पण मग तशीच करायला हवी.

उदाहरण घेऊ. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे शाळेतल्या पोरालाही येतं, त्यामुळे ते विचारतील ते पहिल्या पाचात. पण पुढे कधीतरी असं येईल, 'गोविंदाग्रज' या नावाने कविता कोणी लिहिल्या? ए, वि. वा. शिरवाडकर. बी, राम गणेश गडकरी. सी, कृष्णाजी केशव दामले. डी, प्र. के. अत्रे. आता ज्याने 'गोविंदाग्रज म्हणजे गडकरी' एवढंच एकदा वाचलंय त्याचं मन लगेच 'अग्रज' शब्दावरून शिरवाडकरांकडे जातं, मग दामले म्हणजे केशवसुत हे आठवतं, अत्रे म्हणजे केशवकुमार हे अर्धवट आठवतं, आणि घड्याळ चालूच असतं. तेच ज्याने ही चारही नावं एका बैठकीत, एकमेकांशेजारी ठेवून वाचलीत त्याला पाच सेकंद पुरतात. गडकरींनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून, एवढं जोडीला माहीत असेल तर या विषयावर कसाही फिरवून प्रश्न आला तरी तुम्ही हलत नाही.

म्हणून वही करा आणि तिची पद्धत अशी ठेवा, डाव्या पानावर माहिती आणि उजव्या पानावर त्या माहितीचे तीन चुकीचे पर्याय तुम्ही स्वतः तयार करून लिहायचे. हे मनापासून सांगते, सगळ्या तयारीत ह्याच्याइतकं उपयोगी काही नाही. चुकीचे पर्याय लिहायला बसलं की कळतं आपल्याला किती कमी येतंय. पहिल्या महिला राज्यपाल सरोजिनी नायडू, १९४७, संयुक्त प्रांत. चुकीचा पर्याय काय देणार? सुचेता कृपलानी. मग त्या कोण, तर पहिल्या महिला मुख्यमंत्री, १९६३, आणि राज्य कुठलं तर उत्तर प्रदेश, म्हणजे पूर्वीचा तोच संयुक्त प्रांत. बघा, दोन्ही 'पहिल्या' एकाच राज्यातल्या निघाल्या आणि गोंधळ का होतो तेही समजलं. एक माहिती शोधायला गेलात आणि तीन घेऊन आलात, त्याही एकमेकीला धरून राहणाऱ्या.

महर्षींचं पण तसंच. महर्षी धोंडो केशव कर्वे, महिला विद्यापीठ १९१६, भारतरत्न १९५८ मध्ये वयाच्या शंभरीत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे वेगळे. कर्मवीर भाऊराव पाटील, रयत शिक्षण संस्था १९१९, ते अजून वेगळे. प्रश्न काढणारा माणूस हीच तीन नावं एका पेटीत घालणार, मग आपण आधीच घातलेली काय वाईट.

हा प्रकार फक्त छोट्या रकमांना लागू होतो असं नाही. कौन बनेगा करोडपती ३ जुलै २००० ला सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथेंनी पहिल्यांदा एक कोटी जिंकले. त्यांचा शेवटचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यापैकी कोणाला देते, आणि उत्तर होतं ॲटर्नी जनरल, म्हणजे केंद्र सरकारचे सर्वोच्च वकील. कलम ८८, दोन्ही सभागृहांत बोलू शकतात पण मत देऊ शकत नाहीत. आता 'कलम ८८' पाठ असणारे खूप असतील, पण खरा उपयोग होतो तो ॲटर्नी जनरल, सॉलिसिटर जनरल, राज्याचा ॲडव्होकेट जनरल आणि कॅग (सरकारी हिशोब तपासणारे महालेखापरीक्षक) ह्या चौघांचा फरक माहीत असण्याचा. ॲटर्नी जनरल कलम ७६, ॲडव्होकेट जनरल १६५, कॅग १४८, आणि सॉलिसिटर जनरल हे पद घटनेत नाहीच. घटनेचा भाग वाचताना पदं अशी झुंडीने वाचायची, एकेकटी नाही.

वाचायचं कुठून तर शाळेची पुस्तकं. पाचवी ते दहावीची इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान, बालभारतीची आणि जमलं तर एनसीईआरटीची पण. लोकांना हे कमीपणाचं वाटतं आणि ते थेट स्पर्धा परीक्षेचे जाडे ठोकळे आणतात. अमेरिकेत 'जेपर्डी' नावाच्या क्विझ शोमध्ये २०१९ मध्ये जेम्स होल्झहावरने लागोपाठ मॅच जिंकत अक्षरशः धुमाकूळ घातला होता, त्याने स्वतः सांगितलंय की तयारी लहान मुलांच्या पुस्तकांवरून केली. कारण साधं आहे, मुलांच्या पुस्तकात चित्र असतं, गोष्ट असते, आणि महत्त्वाचं तेवढंच असतं. आपल्याला पीएचडी करायची नाहीये, दोनशे विषयांची तोंडओळख हवीये.

पेपर वाचायची पण एक पद्धत आहे. राजकारण्याने काय टोला लगावला ते कोणी विचारणार नाही. बातमीतली नावं पकडायची, जागा, संस्था, पुरस्कार, आकडा, आणि 'पहिल्यांदाच' हा शब्द दिसला की थांबायचंच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने शिवकालीन किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं ती बातमी सगळ्यांनी वाचली, स्टेटसला ठेवली, पण तिच्यात किती प्रश्न दडलेत बघा. किल्ले किती, बारा. महाराष्ट्राबाहेरचा कोणता, तमिळनाडूतला जिंजी. जिंजीचा मराठ्यांशी संबंध काय, तर रायगड धोक्यात आल्यावर राजाराम महाराज १६८९ मध्ये तिकडे गेले आणि मुघलांच्या वेढ्यानंतर तो किल्ला १६९८ मध्ये पडला. आणि आता सगळ्यात भारी, 'यापैकी कोणता किल्ला या यादीत नाही', पर्याय खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा. उत्तर जंजिरा, कारण तो सिद्दींचा, मराठ्यांना कधी घेताच आला नाही. ही यादी तुम्हाला पाठ नसली तरी 'मराठ्यांची लष्करी स्थळं' ह्या कल्पनेवरून उत्तर काढता येतं. माहिती समजून घेतली की न वाचलेल्या प्रश्नाचं पण उत्तर येतं ते असं.

बदललेल्या गोष्टींची वेगळी दोन पानं ठेवा, कारण जुनी पुस्तकं इथे दगा देतात. राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८, हा आकडा २६ जानेवारी २०२० पासूनचा, दादरा नगर हवेली आणि दमण दीव एक झाले तेव्हापासून. महाराष्ट्रात जिल्हे ३६, छत्तिसावा पालघर, १ ऑगस्ट २०१४. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४. कझाकस्तानची राजधानी २०१९ मध्ये अस्तानाची नूरसुलतान झाली आणि २०२२ मध्ये परत अस्ताना. पुरस्कारांचं वर्ष पण नीट बघा, भालचंद्र नेमाडेंचा ज्ञानपीठ २०१४ चा, पण जाहीर झाला २०१५ मध्ये.

आणि एक कळकळीची विनंती, व्हॉट्सॲपवरून आलेलं जीके वहीत उतरवू नका. हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, हिंदी आपली राष्ट्रभाषा, चंद्रावरून चीनची भिंत दिसते, युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला, ह्या चारही गोष्टी चुकीच्या आहेत. कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही असं सरकारने माहिती अधिकारात लेखी सांगितलंय, आणि कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा हा शब्द तिथे नाही. लोकांच्या डोक्यात जे चुकीचं घट्ट बसलंय ते पर्यायात हमखास येतं, ऑस्ट्रेलियाच्या राजधानीला सिडनी येतं तसंच.

आता फास्टेस्ट फिंगर, म्हणजे हॉट सीटवर कोण जाणार ते ठरवणारी वेगाची फेरी. इथे कितीतरी हुशार माणसं अडकतात आणि हॉट सीट न बघताच घरी येतात. चार गोष्टी क्रमाने लावा असा प्रश्न बऱ्याचदा असतो, म्हणून सराव पण क्रम लावायचाच हवा. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातल्या चार घटना घ्या, महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, येवल्याची घोषणा, नागपूरची धम्मदीक्षा. १९२७, १९३०, १९३५, १९५६. इथे वर्षं पाठ असण्यापेक्षा गोष्ट माहीत असणं जास्त जलद चालतं, आधी पाण्याचा हक्क, मग मंदिर प्रवेश, तिथेही दार उघडत नाही म्हटल्यावर धर्म सोडायची घोषणा, आणि शेवटी दीक्षा. गोष्ट कळली असेल तर क्रम चुकणं अवघड आहे. तसंच उत्तरेकडून दक्षिणेकडे, जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. किंवा नद्यांचे उगम, त्र्यंबकेश्वरला गोदावरी, मग भीमाशंकरला भीमा, मग महाबळेश्वरला कृष्णा. नकाशा भिंतीवर लावा, येता जाता बघा, भूगोल वहीपेक्षा भिंतीवर लवकर पाठ होतो. बोटांचा सराव पण करा, म्हणजे मोबाईलवर टायमर लावून घरातल्या कोणालातरी प्रश्न वाचायला सांगायचं आणि उत्तर कागदावर बी डी ए सी असं लिहायचं. पहिला कोण आणि शेवटचा कोण एवढं आधी ठरवा, मधले दोन आपोआप सोपे होतात.

उजळणीबद्दल थोडक्यात, कारण हे सगळ्यांना माहिती असतं आणि कोणीच करत नाही. परत परत वाचू नका, पान झाकून आठवा. आज लिहिलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. आलं ते पुढे ढकला, नाही आलं ते परत पहिल्या दिवसावर आणा. बस.

ह्याच्या पुढचं मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे 'मला येतंय' आणि 'मला येतंय असं वाटतंय' ह्यातला फरक स्वतःचा स्वतःला कळणं. सराव करताना प्रत्येक उत्तरापुढे तुमची खात्री किती टक्के ते लिहा, नुसतं अंदाजे, १००, ८०, ५०, २५. शंभर दोनशे प्रश्न झाले की मोजा. जिथे ८० लिहिलं होतं तिथे खरंच दहापैकी आठ बरोबर आलेत का? बऱ्याच जणांचे पाच सहाच येतात, आणि विषयाप्रमाणे हे बदलतं, कोणाचं क्रिकेटमध्ये ८० म्हणजे खरंच ८० असतं पण पुराणातलं ८० म्हणजे लहानपणी टीव्हीवर बघितलेलं काहीतरी असतं. आपला कुठल्या विषयातला आत्मविश्वास पोकळ आहे हे आधी कळलेलं बरं, तिथे जाऊन कळलं तर फार महागात पडतं.

महागात म्हणजे किती ते हिशोबाने बघू. रकमांची शिडी सीझनप्रमाणे बदलते, पण बरेच सीझन चाललेली शिडी धरली तर पाचव्या प्रश्नाला १० हजारांचा पडाव (पुढे चुकलात तरी एवढी रक्कम पक्की), दहाव्याला ३ लाख २० हजारांचा, मग ६ लाख ४० हजार, साडेबारा, पंचवीस, पन्नास लाख आणि एक कोटी. पडावाच्या लगेच नंतरचा प्रश्न, म्हणजे सहावा आणि अकरावा, फुकट आहे, चुकलात तरी हातातलं जात नाही, त्यामुळे तिथे क्विट करायचं कधीच नाही, काही येत नसेल तरी मनाला पटेल ते उत्तर द्यायचं. बारावा, म्हणजे हातात ६ लाख ४० हजार, चुकलं तर ३ लाख २० हजार जाणार, बरोबर आलं तर ६ लाख १० हजार वाढणार, म्हणजे साधारण ३४ टक्के खात्री असली तरी हिशोब जमतो. तेराव्याला ४३ टक्के लागतात, चौदाव्याला ४७ च्या आसपास, आणि पन्नास लाख हातात असताना कोटीच्या प्रश्नाला ४८. म्हणजे नुसत्या गणिताने बघितलं तर दोनच पर्याय उरलेत आणि दोन्ही सारखेच वाटतायत तरी खेळणं तोट्याचं नाही. पण गणित घर चालवत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याला मुलीची फी भरायचीये, त्याच्यासाठी हातातले पंचवीस लाख आणि पुढचे पंचवीस लाख ह्यांची किंमत सारखी नसते, त्याने ७०-७५ टक्क्यांशिवाय हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा आकडा घरी बसून, शांत डोक्याने, घरच्यांशी बोलून ठरवा आणि मग तिथे बदलू नका. बक्षिसावर ३० टक्के टॅक्स आणि वर सेस लागतो तेही ह्याच बैठकीत धरा.

येत नसलेल्या उत्तरावर ५० टक्क्यांवरून ७५ वर जायचं तर वगळण्याची सवय लागते. २०११ मध्ये मोतिहारीच्या सुशील कुमार यांनी पाच कोटी जिंकले तो शेवटचा प्रश्न आठवा, १६ ऑक्टोबर १८६८ ला निकोबार बेटांचे हक्क ब्रिटिशांना विकून कोणती वसाहतवादी सत्ता भारतातून बाहेर पडली. उत्तर डेन्मार्क. हे थेट माहीत असणारी माणसं किती असतील? पण पर्यायात फ्रान्स, इटली, बेल्जियम ठेवून बघा. फ्रान्सकडे पुदुच्चेरी १९५४ पर्यंत होतं, म्हणजे १८६८ ला ते बाहेर पडलेच नव्हते, गेला. इटली एक देश म्हणून १८६१ मध्ये झाला, बेल्जियम १८३० मध्ये, इतक्या नवीन देशांची भारतात जुनी वसाहत कुठून असणार, गेले दोन्ही. उरला डेन्मार्क, आणि तमिळनाडूत तरंगमबाडीला डॅनिश किल्ला आहे हे कधी वाचलं असेल तर शिक्काच बसला. प्रत्येक पर्यायाला विचारायचं, तू बरोबर असशील तर अजून काय खरं असायला पाहिजे? वर्ष दिलं असेल तर आधी वर्षाकडे बघायचं, ते उगाच दिलेलं नसतं.

लाइफलाइन सीझनप्रमाणे बदलतात पण तत्त्व तेच राहतं. ऑडियन्स पोल लवकर वापरा, सिनेमा, क्रिकेट, सण, जाहिराती असल्या प्रश्नांना पब्लिक छान सांगतं, पण दहाव्या प्रश्नाच्या पुढे तेही तुमच्यासारखंच चाचपडत असतं, तिथे ४० टक्के एकाला आणि ३० दुसऱ्याला असा कौल आला तर त्याचा काही उपयोग नाही. मित्राला फोन असेल तर सगळ्यात हुशार मित्र नको, तीस सेकंदांत 'मला नाही माहीत' असं स्पष्ट सांगू शकणारा हवा, आणि त्याला पण खात्रीचे टक्के सांगायची सवय आधीच लावा. फिफ्टी फिफ्टी बद्दल समज आहे की ज्यात आपण अडकलोय तेच दोन पर्याय नेमके उरतात. दोन चुकीचे पर्याय रँडम उडत असतील आणि बरोबर उत्तर तुमच्या त्या दोनांतच असेल, तर तुमच्या डोक्यातला चुकीचा पर्याय शिल्लक राहायची शक्यता तीनात एक, म्हणजे तीनात दोन वेळा कोडं सुटतं. वापरा बिनधास्त. आणि लाइफलाइन शिल्लक ठेवून क्विट करायचं नाही, चुकीचं उत्तर द्यायचं तर त्याहून नाही.

रजिस्ट्रेशन चॅनेलने स्वतः टीव्हीवर सांगितलेल्या ॲपवरून किंवा मेसेजवरूनच करा. 'तुम्हाला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, प्रोसेसिंग फी भरा' असे व्हॉट्सॲप मेसेज वर्षानुवर्षं फिरतायत, ती सरळ फसवणूक आहे. अशी कुठली लॉटरी नसते, आणि खेळायला निवड झाली म्हणून कोणी पैसे मागत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून सांगा, कारण बच्चनसाहेबांचा फोटो बघून विश्वास तेच ठेवतात.

निवड झालीच तर शेवटच्या आठवड्यात नवीन काही वाचू नका, फक्त उजवी पानं चाळा, आणि मोठ्याने विचार करायची सवय लावा, म्हणजे 'फ्रान्स नाही कारण पुदुच्चेरी' असं तोंडाने बोलायचं. लाइट, कॅमेरा, समोर एवढा मोठा माणूस, त्यात मनातल्या मनात केलेला विचार अर्ध्यात तुटतो, बोललेला तुटत नाही. प्रश्नात 'नाही' हा शब्द आहे का ते बघा, 'यापैकी कोणतं राज्य समुद्राला लागून नाही' ह्यात तो एक शब्द घाईत निसटतो. पहिलाच पर्याय ओळखीचा दिसला तरी चारही वाचून होईपर्यंत लॉक म्हणायचं नाही, आणि क्विट केल्यावर होस्ट विचारतो की उत्तर द्यायचं असतं तर कोणतं दिलं असतं, तेव्हा ते बरोबर निघालं तरी चेहरा पाडू नका, तुम्ही ठरवलेल्या टक्क्यांवर थांबलात ना, मग झालं.